मनुका उकळेपर्यंत

रिबकाने सरबताची बाटली पातेल्यावर उपडी धरली आणि तळाचा घट्ट थेंब निघावा म्हणून बुडावर दोन चापट्या मारल्या. पातेल्यातलं पाणी लाल झालं. नको तेवढं लाल. पळीभर उचलून तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि मनात म्हणाली, झालं कल्याण. मनुकांचा रस असा दिसत नाही. तो तपकिरी असतो, जरा गढूळ. हे म्हणजे जत्रेत बर्फाच्या गोळ्यावर ओततात ते पाणी झालं होतं.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि साडेनऊला उपासना. सकाळच्या चहाचा चोथा अजून गाळणीतच होता. तिने त्यावर उकळतं पाणी ओतलं, खाली उतरलेला कोरा चहा चमच्याचमच्याने पातेल्यात मिसळला आणि परत पळी उजेडात धरली. आता रंग जमला. बोट बुडवून चाटलं तर आधी गोड, मग आंबूस, आणि मागाहून चहाचा कडवटपणा. तिने पदराला बोट पुसलं.

सुकृता वेणीची रिबन दातात धरून दारात उभी होती. दहावीचं वर्ष, परीक्षा महिन्यावर आलेली, त्यामुळे ती हल्ली कुठल्याही खोलीत आली तरी हातात पुस्तक असायचं.

"आई, ते सहलीचं सरबत कुठंय?"

"संपलं."

"काल तर अर्धी बाटली होती."

"संपलं म्हणते ना. जा, शमूला उठव आणि आंघोळीला लाव."

सुकृता गेली. रिबकाने पांढरं मलमलचं फडकं घेतलं, जे वर्षानुवर्षं फक्त याच कामाला वापरलं जायचं आणि वेगळ्या खुंटीवर असायचं. त्यातून तिने ते पाणी गाळून काचेच्या उंच बाटलीत भरलं. गाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी गाळलं.

तो फेब्रुवारीचा पहिला रविवार होता, साल पंचाण्णव. इस्लामपुरातल्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचे तुकडे पाळकसाहेबांच्या घरून यायचे आणि द्राक्षरस रिबकाच्या सासरच्या, आवळ्यांच्या घरून. बोटभर उंचीचे साठ-बासष्ट प्याले ताटात मांडून बाकाबाकांवरून फिरायचे. आवळ्यांच्या घरून म्हणजे आधी सगुणाबाईंच्या हातून, पंचवीस वर्षं. आणि चौऱ्याऐंशीपासून त्यांच्या सुनेच्या, रिबकाच्या हातून.

रस करायची रीत सगुणाबाईंनी घालून दिली होती. शुक्रवारी मनुका भिजत घालायच्या. शनिवारी मंद आचेवर ठेवायच्या आणि त्या फुगून फुटेपर्यंत पातेल्यासमोर पाटावर बसायचं. नुसतं बसायचं. त्या वेळात भाजी निवडायची नाही, पोरांच्या वह्या तपासायच्या नाहीत, शेजारीण आली तर तिला परत पाठवायचं. प्रभूच्या मेजाला येण्याआधी प्रत्येकाने आपली परीक्षा करावी असं पाळक दर महिन्याला सांगतात, आणि लोक दर महिन्याला मान डोलावतात. पण जिच्या हातचा रस सगळं चर्च पिणार तिला नुसती मान डोलावून कसं चालेल, असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

"मनुका उकळंस्तवर बसायचं, पोरी," पहिल्या खेपेला त्यांनी शेजारी बसून सांगितलं होतं. "कुणाला वाकडं बोललीस, कुणाचा राग धरलास, समदं काढायचं. मगच फडक्यातनं गाळायचं."

सुरुवातीला रिबकाला तो तासभर फार आवडायचा. सासर, शाळा, पोरं, पाहुणे, सगळ्यांत तेवढा एकच वेळ तिचा स्वतःचा होता. ती बसायची, आठवायची, लाजायची, कधी डोळे भरून यायचे, आणि उठताना हलकं वाटायचं. कुणीतरी ऐकलं, असं वाटायचं. मग कधीतरी ते बंद झालं. कधी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. नवऱ्याची, शांतवनची बदली कोयनानगरला झाली आणि तो पंधरवड्यातून एकदा यायला लागला तेव्हापासून म्हणावं, तर त्याआधीही दोन-तीन महिने ती पातेल्यासमोर बसून नुसती पेंगली होती. ती मनात हाक मारायची आणि पलीकडे काहीच हलायचं नाही. मग गेल्या जूनमध्ये सासूबाईंना पक्षघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि रिबका पाटावर बसायचीच बंद झाली. मनुका उकळत असताना ती चादरी धुवायची. रस होत होता. चर्चमध्ये कुणाचीच तक्रार नव्हती.

आणि आता हे. शुक्रवारी मनुका भिजवायच्या राहिल्या. शनिवारी निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण होतं, तहसील कचेरीच्या आवारात मांडवाखाली, संध्याकाळी पाचपर्यंत. घरी येऊन बघते तर सांभाळायला ठेवलेली रंगूबाई तीनलाच निघून गेलेली, सासूबाई ओल्या अंथरुणात तशाच, आणि सुकृता बीजगणिताच्या वहीवर डोकं ठेवून रडत होती. शेजारच्यांच्या फोनवर शांतवनचा निरोप होता की या आठवड्यात सुट्टी नाही. रविवारी सकाळी दूध तापवताना तिला मनुकांची आठवण झाली, तेव्हा पावणेआठ वाजले होते.

खरं सांगायचं तर पाऊण तासात रस झाला असता. कोमट पाण्यात टाकून, कुकरला एक शिट्टी देऊन. तासगावच्या काळ्या मनुकांची पुडी समोर फळीवर होती. रिबकाने ती हातात घेतली, दोरा सोडला, आणि परत बांधून ठेवली. वेळ नव्हता म्हणून नाही. कशाला, असं तिला वाटलं. एवढंच. मग तिचं लक्ष शेजारच्या बाटलीकडे गेलं. डिसेंबरात शाळेची सहल पाचगणीला गेली होती तेव्हा तिने हौसेने आणलेलं तुतीचं सरबत.

*

चर्चमध्ये नेहमीसारखीच माणसं होती. पाळकसाहेब तरुण होते, दोन वर्षांपूर्वी नगरकडून आलेले, स्वच्छ बोलणारे. त्यांनी आत्मपरीक्षणासाठी दोन मिनिटं शांत राहायला सांगितलं. रिबकाने डोळे मिटले. शेजारी शमू बाकाखाली पाय हलवत होता. सुकृता ओठांत समीकरणं म्हणत होती की प्रार्थना, कळायला मार्ग नव्हता. रिबकाच्या मनात एकच गोष्ट येत होती: आता कुणीतरी ओळखणार. पहिलाच घोट घेऊन कोणीतरी थबकेल. कोंडीबा वडील तरी नक्की. चर्चच्या पंचांत ते सगळ्यांत जुने, सत्तरी ओलांडलेले, जिभेचे तिखट. भाकर शिळी असली तर पाळकीणबाईंना तिथल्या तिथे सुनावणारा माणूस. ते ओळखतील, सगळ्यांसमोर विचारतील, आणि तिला उभं राहून सांगावं लागेल. लाजेने मेल्यासारखं होईल. होऊ दे, असं तिला वाटत होतं. तिला पकडलं जायला हवं होतं.

ताट फिरलं. तिने प्याला उचलला, कारण उचलला नसता तर पुढच्या-मागच्या चार बाया महिनाभर कारण शोधत बसल्या असत्या. पाळकांनी शब्द उच्चारले. सगळ्यांनी एकदम प्याले तोंडाला लावले. रिबकाला घोटाबरोबर पसरणीचा घाट आठवला, आणि एसटीच्या खिडकीतून ओकणारी तिसरीची पोरं. तिने गिळलं.

प्याले परत ताटात ठेवल्याचा बारीक आवाज झाला. कुणी थबकलं नाही.

उपासना संपल्यावर व्हरांड्यात चपला शोधताना कोंडीबा वडील काठी टेकत तिच्याजवळ आले.

"बाई," ते म्हणाले, "आज रस लय झ्याक झालाय. सगुणाबाईच्या हातची याद आली बगा."

रिबका हसली. काय करणार? ती हसली आणि म्हणाली, बरं झालं, तुम्हाला आवडला ते. मग ती रस्त्याला लागली. शमू पुढे पळत होता, सुकृता मागे वाचत चालली होती, उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. अकरा वर्षं, ती मनात म्हणत होती. अकरा वर्षं मी जे उकळत होते त्याची चव एकालाही माहीत नव्हती. मग ते आत काय होतं? काही होतं तरी का? की मी एकटीच पातेल्यासमोर बसून एकटीशीच बोलत होते? चालता चालता ती एका ठिकाणी थांबलीच. सुकृता येऊन तिच्यावर आदळली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. चपलेत खडा गेला, असं रिबकाने सांगितलं.

एकच माणूस राहिलं होतं आता.

*

आजारी माणसांना पाळक दुपारी घरी जाऊन प्रभुभोजन देत. सगुणाबाईंच्याकडे ते तीनच्या सुमाराला आले, हातात छोटी पेटी, कपाळाला घाम. रिबकाने सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं होतं, केस विंचरले होते, पांढरं लुगडं नेसवलं होतं. झटका आल्यापासून त्या फारसं बोलत नव्हत्या. डॉक्टर म्हणायचे, समजतं त्यांना सगळं, पण शब्द सापडत नाहीत. कधी एखादा सुटा शब्द निघायचा, पाणी किंवा शमू, आणि तेवढ्यानेच दमून जायच्या.

खाटेच्या वर भिंतीला एक लहान फोटो होता. दोन वेण्या, मोठे डोळे, सहा वर्षांची मुलगी. शांतवनची धाकटी बहीण सुमती, त्र्याहत्तर साली तापाने गेलेली. रिबका लग्न होऊन आली तेव्हा तो फोटो तिथेच होता, आणि सासूबाई त्या मुलीबद्दल कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. रडल्याचंही नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरला, पहाटे स्मशानभूमीत जाऊन त्या लहानशा कबरीवर फुलं ठेवत आणि पदर सावरून घरी येऊन चहा टाकत. रिबका मनात म्हणायची, विश्वास असावा तर असा. या बाईने पंचवीस वर्षांत एक महिना चुकवला नाही. तसं त्या स्वतःच सांगायच्या, जरा टेचात: भूकंपाच्या सालीबी न्हाई चुकले. रिबकाला स्वतःच्या आत काही सापडेनासं झालं, तेव्हाही तिला वाटायचं की निदान या घरात एका माणसाकडे ते आहे, खाटेवर पडलेलं का असेना.

पाळकांनी भाकरीचा कण प्याल्यात बुडवून सगुणाबाईंच्या जिभेवर ठेवला. मग प्याला ओठांना लावला. रिबका पायथ्याशी उभी राहून बघत होती. म्हातारीने घोट तोंडात घेतला आणि धरून ठेवला. बराच वेळ धरला. गालाची एक बाजू हलत होती, दुसरी लोंबत होती. मग गळा हलला आणि घोट आत गेला. त्यांनी रिबकाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि पाळकांनी प्रार्थना सुरू केली.

झालं, रिबकाला वाटलं. इथेही काही नाही.

चहा घेताना तिने पाळकसाहेबांना विचारायचं ठरवलं आणि तीनदा तोंड उघडून मिटलं. शेवटी ते उठल्यावर दारात म्हणाली, समजा, कुठल्या चर्चमध्ये कुणी द्राक्षरसाऐवजी दुसरंच काही नेलं आणि लोकांना कळलंच नाही, तर? पाळकसाहेब एका पायात चप्पल घालत होते. त्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, शिक्षक बाई म्हणजे असले प्रश्न पडायचेच, अशा अर्थी.

"देव वस्तू बघत नाही, बाई. मन बघतो."

मग दुसऱ्या पायात चप्पल घालून ते सायकलकडे गेले. त्यांना अजून दोन घरं करायची होती, त्यातलं एक पार वाळव्याच्या रस्त्याला. रिबका दारातच उभी राहिली. मन बघतो. तेच तर नव्हतं. ते असतं तर सरबतही चाललं असतं, हे तिला पाळकांच्या आधी कळलं होतं.

आत आली तेव्हा सगुणाबाई जाग्या होत्या आणि डावा हात गोधडीवर आपटत होत्या.

"का," त्या म्हणाल्या. तोंड वाकडं झालं, कपाळाला आठ्या पडल्या. "काक... वी."

"काकवी? काकवी पाहिजे, आत्या?"

परत हात आपटला. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. रिबकाच्या अंगात नेमका तेवढाच जीव उरला होता, तेवढ्या जिवावर तिने वाटी घेतली आणि शेजारी गेली. शेजारी शिवांजलीचं घर; त्यांचा मळ्यात स्वतःचा ऊस, आणि गुऱ्हाळ चालू असलं की गूळ होण्याआधीची ती पातळ गोड काकवी तांब्याभरून घरी यायची. म्हातारीने तोंडाने मागितली म्हटल्यावर शिवांजली हरखलीच. लय चांगलं लक्षण हाय वैनी, म्हणाली, आता बगा, हळूहळू बोलाय लागतील. तिने वाटी काठोकाठ भरून दिली आणि वर चपातीला लावून खायला द्या म्हणून सांगितलं.

रिबकाने चमचा भरून सासूबाईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं. तिने परत नेला. त्यांनी डाव्या हाताने चमचा असा ढकलला की काकवी पांढऱ्या लुगड्यावर सांडली.

मग मात्र रिबकाचा बांध फुटला. मागितली कशाला मग, म्हणाली. मला काय चार हात आहेत? सकाळपासून एक घास पोटात नाही, ते लुगडं आता कोण धुणार, उद्याची शाळा आहे, तिची परीक्षा आहे, तुमचा मुलगा तिकडे धरणावर बसलाय आणि मी इथे. शब्द सुटत गेले. आतल्या खोलीत सुकृताचं मोठ्याने वाचणं थांबलं. रिबका फडकं घेऊन लुगडं पुसायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"आज मी चर्चला सरबत नेलं, आत्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुतीचं. त्यात चहा घातला. कुणालाच कळलं नाही. तुम्हालाही नाही."

सगुणाबाईंनी तिचं मनगट धरलं. डाव्या हातात अजून जोर होता. त्यांनी ते मनगट ओढून काकवीच्या वाटीपर्यंत नेलं. मग हात सोडून बोट उचललं आणि खिडकीकडे दाखवलं. तिथे धुऊन पालथी घातलेली काचेची उंच बाटली होती. रसाची. वाटी, मग बाटली. परत वाटी, परत बाटली.

रिबकाने बोटामागोमाग नजर फिरवली.

"तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्ही काकवी नेली होती? चर्चला?"

म्हातारीने डोळे मिटून उघडले. होय.

"कधी?"

"दुका..." श्वास संपला. त्यांनी तो परत गोळा केला. "दुकाळ."

बहात्तरचा दुष्काळ. रिबका खाटेच्या कडेला बसली. तिला एकदम हसूही आलं आणि रडूही. दुष्काळात मनुका कुठून मिळणार! दुकानं ओस पडलेली, लोक खडी फोडायला जात होते. घरात असेल ती काकवी पाण्यात कालवली असेल बिचारीने, आणि वीस-बावीस वर्षं ते मनात ठेवलं असेल. तिने सासूबाईंच्या कपाळावरून हात फिरवला. त्यात काय झालं आत्या, म्हणाली, मनुका नव्हत्याच तर तुम्ही तरी काय करणार होता?

सगुणाबाईंनी मान हलवली. नाही. डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

"तीनदा?"

नाही.

"तीन महिने?"

म्हातारी वैतागली. ओठ दोनदा जुळले आणि सुटले.

"वरीस," त्या म्हणाल्या.

तीन वर्षं. रिबकाने मनाशी ताळा केला. बहात्तरला पाऊस नव्हता. त्र्याहत्तरला पडला. त्यापुढे मनुका होत्या, दुकानं होती, कृष्णेला पाणी होतं. आणि ही बाई आणखी दोन वर्षं काकवीचं पाणी बाटलीत भरून चर्चला नेत होती. तिने वर बघितलं. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या मान वळवून, जेवढी वळत होती तेवढी, भिंतीकडे बघत होत्या. दोन वेण्या, मोठे डोळे.

रिबकाला आता काहीच विचारायला नको होतं. तरी एक गोष्ट होती, जी विचारल्यावाचून तिला त्या खोलीतून उठता आलं नसतं. कारण पंचाहत्तरनंतर ही बाई परत मनुकांकडे वळली होती. पाटावर बसत होती. रिबकाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, सून होऊन आल्यावर सहा वर्षं: पाठ ताठ, हात मांडीवर, पातेल्यावर नजर. म्हणजे काहीतरी परत आलं असणार.

"मग परत मनुका लावल्या तेव्हा," ती म्हणाली आणि तिला नीट शब्द सापडेनात. "तेव्हा ते परत आलं होतं का, आत्या? आतलं? बसल्यावर काही ऐकू यायचं?"

सगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते झटका आल्यापासून नेहमीच असायचं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. हा एक शब्द स्वच्छ आला.

"कधीच नाही?"

"न्हाई."

बाहेर कुणीतरी बैलांना हाकत होतं. रिबका उठली, काकवीची वाटी झाकली, सासूबाईंचं लुगडं बदललं, डागाचं लुगडं बादलीत टाकलं. हात आपले काम करत होते. सकाळपर्यंत या घरात एक माणूस होतं, ज्याच्याकडे ते होतं. आता तेही नव्हतं. तिला सासूबाईंचा रागही आला. दहा वर्षं ह्या बाईने तिथे काहीच नसताना पाठ ताठ ठेवून बसून दाखवलं, आणि मला म्हणाली, बस पोरी. मला सांगायला काय झालं होतं? मग तिच्या मनात आलं की तिने तरी कुणाला सांगितलं होतं?

ती स्वयंपाकघरात गेली. फळीवर मनुकांची पुडी सकाळपासून तशीच होती. तिने दोरा सोडला, मनुका पातेल्यात टाकल्या, पाणी घातलं आणि शेगडी पेटवली. पाट घेतला. मग काही सुचून ती परत गेली आणि खाट ओढायला लागली. आवाज ऐकून सुकृता बाहेर आली. दोघींनी मिळून खाट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरकवली, म्हातारीला शेगडी दिसेल अशी.

"आता कुणासाठी रस?" सुकृताने विचारलं. "प्रभुभोजन तर झालं. पुढचं महिन्याने."

"माहीत आहे. तू अभ्यास कर जा."

रिबका पाटावर बसली. हात मांडीवर ठेवले. भाजीची जुडी समोर होती, तिने ती पायाने बाजूला सारली. कुणाला वाकडं बोलले, ती मनात म्हणाली. आज आत्यांना बोलले. रंगूबाईचा राग धरला. शांतवनचा तर कायमचाच. हाक मारावी म्हणून तिने हाक मारली. काही आलं नाही. पाण्याला कढ यायला लागला, मनुका वर-खाली व्हायला लागल्या. पाठीमागे सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, जड, एका बाजूने घरघरणारा. शमू एकदा आला, भूक लागली म्हणाला, दोघींकडे बघितलं आणि डब्यातली चिक्की घेऊन गेला.

मनुका फुटल्या. तिने पातेलं उतरवलं, मलमलच्या फडक्यात ओतलं, चमच्याने दाबून दाबून पिळलं. रस तपकिरी पडला, जरा गढूळ. गार व्हायला वेळ लागला. मग ती वाटीत थोडा रस घेऊन खाटेपाशी गेली आणि चमचा सासूबाईंच्या ओठांना लावला.

त्यांनी घोट घेतला. दुपारसारखाच तोंडात धरून ठेवला, चांगल्या बाजूच्या गालात घोळवला. रिबका चमचा हातात धरून उभी होती. म्हातारीने गिळलं. कपाळाला आठी पडली.

"पानी," त्या म्हणाल्या, आणि दम घेतला. "पानी जास्त."

रिबकाने वाटीतला उरलेला रस स्वतः पिऊन बघितला. खरंच पाणी जास्त झालं होतं. ती परत स्वयंपाकघरात गेली, रस पातेल्यात ओतला, शेगडी बारीक करून वर ठेवला आणि पाट ओढून बसली.